दिव्याचं पोर

सारसोळ्याच्या जेट्टीवर कुणालाही विचारा, गोटीराम कुठे सापडेल? माणूस तोंड उघडायची तसदी घेणार नाही, हनुवटीनेच खाडीची दिशा दाखवील. तिथे खारफुटीच्या कडेला एक निळी होडी बांधलेली असते. होडीत साठीकडे झुकलेला एक माणूस, मांडीवर फाटकं जाळं, आणि हात थांबलेले. जाळं सांधायला म्हणून बसलेला हा गृहस्थ दुपारपासून मोजून चार गाठी मारतो आणि उरलेला वेळ पाण्याकडे बघत राहतो. मागे पाम बीच रोडवरून गाड्या सुसाट जात असतात, सीवूड्सचे टॉवर उन्हात चमकत असतात, पण त्याला त्याचं काही देणंघेणं नसतं.

"माजा नवरा अर्दा घरान, अर्दा पान्यान," असं त्याची बायको वैजयंती नेरूळच्या बाजारात म्हावरं विकता विकता गिऱ्हाइकांना सांगते. रागाने सांगते असं वाटतं, पण नीट ऐकलं तर त्यात थोडा तोराही असतो. कारण गोटीराम साधासुधा आळशी नव्हे. तो दिव्याचं पोर.

आता हे काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं.

गोटीरामच्या भावकीत एक रीत होती. मूल जरा बसायला लागलं की एका तिन्हीसांजेला त्याला होडीच्या पुढच्या टोकाला बसवायचं, आईने मागून धरायचं, आणि घरातल्या थोरल्याने कंदील घेऊन त्याच्या डोळ्यांसमोरून सावकाश फिरवायचा. याला म्हणायचं दिवा दाखवणं. खाडीची आणि पोराची ओळख करून द्यायची, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक पोरं कंदिलाला हात घालायला बघतात, नाहीतर भोकाड पसरतात. बायका हसतात, नारळ फुटतो, खोबरं वाटून मंडळी घरी. पण कधीतरी, पिढी-दोन पिढ्यांतून एखाद्या वेळी, पोराच्या डोळ्याच्या बाहुलीतून तो दिवा उलट आपल्याकडे बघतो. आत खोलवर पांढरट सोनेरी उजेड पेटतो, मांजराच्या डोळ्यात पेटतो तसा. मग सगळे एकदम गप्प होतात. ते पोर खाडीने निवडलेलं. त्याला पाण्याखालचं दिसतं, ते ज्या होडीत बसेल तिला म्हावरं कमी पडत नाही. आणि याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, निदान पुढची पुनव होईतो. बोललं की दिवा विझतो.

गोटीरामच्या डाव्या डोळ्यात तो दिवा पेटला होता. तेव्हा सारसोळ्यात वीज आली नव्हती आणि आजचं हे शहर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मागून धरलेल्या आयेने वाकून दिवा पाहिला आणि त्याला पोटाशी धरलं. पुनव उलटली, बातमी फुटली आणि गोटीरामचा भाव वधारला. हंगामाच्या पहिल्या दिवशी लोक त्याला मागून न्यायचे, घटकाभर आपल्या होडीत बसवायचे आणि पुन्हा आणून द्यायचे. शेजारी साखर मागतात तसं पोर मागायचे. शहरातल्या माणसाला हे ऐकून नवल वाटेल, पण तिथे ते कुणालाच वाटलं नाही.

मग तो डोळा लाल झाला, सुजला, आणि शेवटी मुंबईच्या एका इस्पितळात काढून टाकावा लागला. गोटीरामला त्यातलं फार थोडं आठवतं. लाँचच्या कडेने उडणारं पाणी, आयेच्या लुगड्याला येणारा सुकटीचा वास, आणि परत येताना डाव्या बाजूचं जग कुणीतरी आवरून ठेवल्यासारखं. आयेने त्याला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "खाडीनं दिवा दिलता, खाडीनंच नेला. उसना होता बाला. माज्या मामाला तर ती अख्खाच घेऊन गेली, त्योबी दिव्याचाच व्हता. तुला ठेवला, ह्ये काय कमी हाय?"

या बोलण्यावर गोटीरामने सगळं आयुष्य काढलं. एरवी काचेचा डोळा बसवलेल्या पोराला गावाने काणा म्हणून छळलं असतं. याला नारळी पुनवेला खाडीत पहिला नारळ सोडायचा मान मिळाला. आणि त्याने ते मनापासून खरं मानलं. होडीत बसल्या बसल्या त्याला दिसायचं, की आपला तो डोळा खाली गाळाच्या वर, बोय माशांच्या थव्यातून, तिवरांच्या मुळांतून एकटाच पेटलेला हिंडतो आहे. तो जे बघतो त्यातलं थोडं थोडं इथे आपल्यापर्यंत येतं. हिरवा उजेड, मऊ चिखलातून तिरकी पळणारी चिंबोरी, भरतीचं पाणी आत शिरताना डोक्यावरून सरकणारी होड्यांची पोटं. लग्न झाल्यावर हे त्याने एकदा वैजयंतीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग इचार त्या डोल्याला, जिताडा कुटं हाय." त्यानंतर त्याने ते कुणालाच सांगितलं नाही, पण बघायचं सोडलं नाही.

त्यांना एकच मुलगी झाली, सुचिता. गोटीरामने तिला होडीच्या टोकाला बसवून दिवा दाखवला. दोन्ही डोळे काळेभोर. त्याने कंदील जवळ नेला, लांब नेला, खाली-वर केला. पोरगी खुदकन हसली, दिवा मात्र काही पेटला नाही. पुढे कितीतरी संध्याकाळी तो तिच्या डोळ्यात निरखून बघायचा आणि हिरमुसून उठायचा. खाडी आपल्या लेकीला विसरली, याचं त्याला फार वाईट वाटलं होतं. सुचिताला तिच्या लहानपणचं तेवढंच पक्कं आठवतं, की बाबा आपल्याकडे बघायचे आणि त्यांचं तोंड उतरायचं.

सुचिता शिकली, बेलापूरला नोकरीला लागली, करावे गावातल्या यशराजशी तिचं लग्न झालं. तिला मुलगी झाली, उन्नती. उन्नती नऊ-दहा महिन्यांची असताना, हिवाळ्याच्या तोंडी, फ्लेमिंगो नुकते उतरायला लागले होते तेव्हा, ती माहेरी आली आणि गोटीरामने जुना कंदील पुसून काढला.

त्या संध्याकाळी सुचिता लेकीला मागून धरून बसली होती, तिला पोरीचं तोंड दिसत नव्हतं. वैजयंती नारळाची शेंडी सोलत होती. बायका आपसात बोलत होत्या. गोटीरामने कंदील फिरवला आणि उजव्या डोळ्यात दिवा पेटला.

त्याने कंदील खाली ठेवला. "जालं," एवढंच म्हणाला. नारळ फुटला, खोबरं वाटलं, सगळे घरी गेले.

पुढचे काही दिवस गोटीरामचे पाय जमिनीला लागत नव्हते. खाडी विसरली नव्हती! एक पिढी सोडून तिने उसनं परत पाठवलं होतं. होडीत बसून तो बघायचा, तर पाण्याखाली आता दोन दिवे हिंडत असायचे, एक म्हातारा आणि एक अगदी कोवळा, आणि म्हातारा कोवळ्याला वाटा दाखवत असायचा. भरतीचं पाणी होडीच्या बुडाला थापटी मारायचं. दूर चिखलात गुलाबी पाखरं माना खाली घालून उभी असायची. इतकं सुख त्याला उभ्या जन्मात झालं नव्हतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. पुनवेपर्यंत मूग गिळून बसायचं होतं. त्याला ते जड जात नव्हतं, बोलणं त्याला कधीच फार जमलं नव्हतं.

एका दुपारी तो ओटीवर उन्नतीशी खेळत होता. वैजयंतीची बांगडी जमिनीवरून घरंगळत सोडायची आणि पोरीने रांगत जाऊन धरायची, असा खेळ. बांगडी डावीकडे गेली की पोरगी झडप घालायची. उजवीकडे गेली की आधी सगळी मान फिरवायची, मग शोधायची. आतून वैजयंती हसली. "बग, आज्याची नक्कल करते. तुज्यावानीच मान वाकडी."

गोटीराम हसला नाही. एका डोळ्याचा माणूस मान का फिरवतो, ते दोन डोळ्यांच्या माणसाला कळायचं नाही. त्याने तळहात अलगद पोरीच्या उजव्या डोळ्यावर धरला. ती बांगडी चोखत राहिली, हाताचं तिला भानही नव्हतं. मग त्याने डावा डोळा झाकला. पोरीने हात झिडकारला आणि रडायला लागली. त्याने पुन्हा उजवा झाकला. ती गप्प झाली आणि बांगडीशी खेळू लागली.

दिवा पेटला होता, पण त्या दिव्याला काहीच दिसत नव्हतं.

आयेचा मामा आठवला, ज्याला खाडीने अख्खा नेला. लाँचच्या कडेचं पाणी आठवलं. पुनव अजून यायची होती. बोललं की दिवा विझतो, आणि हा दिवा विझावा असं त्याला अजूनही वाटत नव्हतं, खरंच वाटत नव्हतं. त्याने नातीला उचललं आणि सुचितापुढे जाऊन उभा राहिला.

"पोरीच्या डोल्यान दिवा हाय," तो म्हणाला. "उजव्या. पन तिला त्या डोल्यानं दिसत नाय."

सुचिता आधी हसली. मग तिने मोबाइलमधले फोटो काढले आणि एकेक मोठा करून बघितला. फ्लॅश मारलेल्या एका फोटोत उन्नतीचा डावा डोळा लालसर होता आणि उजवा पांढरा.

"बाबा, तुमाला कधी दिसलं?"

"त्या दिवशी. होडीवर."

"आनि तुमी आता बोलता?"

वाशीच्या डॉक्टरकडे जाताना रिक्षात ती त्याच्याकडे पाठ करून बसली. वाशीच्या डॉक्टरने तपासलं आणि लगेच खारघरला, कॅन्सरच्या मोठ्या केंद्रात पाठवलं. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर सुचिताने पोरीला इतकं घट्ट धरलं की पोरगी कळवळली.

तिथे भूल देऊन दोन्ही डोळे तपासले. उजव्यात गाठ मोठी होती. डाव्यातही एक होती, मोहरीएवढी, अजून कुणाला दिसण्याजोगी नव्हती. उजव्यासाठी औषधं, डाव्यासाठी लेझर, असं ठरलं. डोळे शाबूत राखायचा प्रयत्न करू, डॉक्टर म्हणाले, आणि प्रयत्न या शब्दावर जोर दिला.

मग त्यांना डॉक्टर मीनाबाई भेटल्या. त्या औषधं देत नसत. असा डोळ्याचा कॅन्सर एका घरातून पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो, यावर त्यांचं संशोधन होतं. मूळच्या देवगडच्या, बोलायला मोकळ्या. गोटीरामकडे, त्याच्या काचेच्या डोळ्याकडे त्यांनी सरळ बघितलं. "काका, तुमचा हा डोळा कधी गेला?"

गोटीरामने सगळं सांगितलं. कंदील, होडी, उसनं न्यायचे ते दिवस, आयेचा मामा. सुचिताला लाज वाटत होती, मीनाबाई मात्र हसल्या नाहीत. कागदावर घरातल्या बायकांसाठी गोल आणि पुरुषांसाठी चौकोन काढत त्या ऐकत राहिल्या आणि मामासाठीही त्यांनी एक चौकोन काढला.

"दिवा म्हणजे आतली गाठ," त्या म्हणाल्या. "उजेड तिच्यावर पडून परत येतो. तुमच्या लोकांनी बघितलं ते बरोबर बघितलं, काका. अर्थ तेवढा वेगळा लावला."

मग त्यांनी समजावून दिलं. शरीराचा प्रत्येक कण म्हणजे दोन दोरांनी बांधलेली होडी धरा. एक दोर आईकडून, एक बापाकडून. एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. काही माणसं एक दोर तुटका घेऊनच जन्माला येतात. लहानपणी डोळ्यात कुठेतरी दुसराही तुटला, की ती होडी सुटते आणि गाठ वाढायला लागते. तो तुटका दोर पोराला मिळेल की धड दोर मिळेल, याची शक्यता निम्मी-निम्मी.

"मग मला का काही झालं नाही?" सुचिताने विचारलं.

तिचेही डोळे तपासले होते. डाव्या डोळ्याच्या तळाशी एक जुना वण सापडला होता. "झालं होतं," मीनाबाई म्हणाल्या. "लहानपणी सुरू झालं आणि आपोआप झोपी गेलं. फार थोड्यांच्या नशिबात असतं हे."

गोटीरामला त्या संध्याकाळी आठवल्या, लेकीच्या डोळ्यात दिवा दिसत नाही म्हणून हिरमुसून उठायच्या. ज्या अंधारासाठी नारळ वाढवायला हवा होता, त्याचं आपण वाईट वाटून घेतलं.

"काका, मला तुमचं रक्त हवंय," मीनाबाई म्हणाल्या. "घरात जिवंत असलेल्यांत आजार झालेले सगळ्यात थोरले तुम्ही. तुमच्या रक्तात दोर नेमका कुठे तुटलाय ते सापडलं, की बाकीच्यांचं कुठे बघायचं ते आम्हाला कळेल. पुढे जन्माला येणाऱ्यांचंसुद्धा."

साधं दंडातलं रक्त. पण गोटीराम म्हणाला, "पुढच्या खेपेला."

वैजयंती घरी त्याच्यावर फणकारली. तो होडीत जाऊन बसला. रक्ताला भीत नव्हता तो. रक्तात तुटका दोर सापडला, की मग दिवा कधी नव्हताच. खाडीने कुणाला निवडलं नव्हतं, काही दिलं नव्हतं, काही नेलं नव्हतं. नुसतं एक दुखणं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने लेकीला आणि नातीला दिलं होतं. पाण्यात बघितलं तर दोन्ही दिवे अजून हिंडत होते. त्यांना सोडायचं म्हणजे आपल्यापाशी काय उरेल, हे त्याला कळेना. खूप एकटं वाटलं त्याला.

पुढच्या खेपेला उन्नतीची भूल उतरत होती तेव्हा तो तिच्या उजव्या बाजूला उभा होता. डाव्या डोळ्यावर लेझर झालेलं, दोन्ही डोळे सुजलेले. तिने किलकिल्या नजरेने आजोबाला शोधलं. सगळी मान वळवली, तेव्हा कुठे तो तिला सापडला. सापडल्यावर तिने हात पुढे केला.

गोटीरामने तो धरला. थोड्या वेळाने तो मीनाबाईंच्या खोलीत गेला, खुर्चीत बसला आणि सदऱ्याची बाही वर सारली. "घ्या," म्हणाला, "लागंल तेवडं घ्या."

दोर सापडला. त्याच्या रक्तात, सुचिताच्या आणि उन्नतीच्याही, एकाच ठिकाणी तुटलेला. त्या दिवशी घरी येताना सुचिताने रिक्षात त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. एवढं त्याला पुरलं. नारळी पुनवेला मात्र पहिला नारळ त्याने दुसऱ्याच्या हातात दिला आणि मागे जाऊन उभा राहिला. कुणी विचारलं, तर जे होतं ते सांगितलं. आणि गावातली कुणी बाई तान्हं पोर घेऊन दिसली, की तो तिला म्हणायचा, "पोराला एकदा दिवा दाखव. आत उजेड दिसला तर पुनवेची वाट बगू नको, पयली खारघरला जा."

उन्नतीचे दोन्ही डोळे राहिले. उजव्याने तिला सावल्या दिसतात, डाव्याने चष्मा लावून सगळं. मोहरीएवढी ती गाठ आणखी काही महिने तशीच राहिली असती तर काय झालं असतं, हे गोटीरामने एकदा मीनाबाईंना विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं आणि त्याने ते घरी कुणाला सांगितलं नाही.

उन्नती चार वर्षांची झाली आणि सुचिताला पुन्हा दिवस गेले. निम्मी-निम्मी शक्यता पुन्हा दारात येऊन बसली. मुलगी झाली. जन्मल्याबरोबर तिचं रक्त खारघरला गेलं. तुटका दोर आला असेल तर पुन्हा भूल, पुन्हा तपासण्या, पुन्हा तो वॉर्ड. नसेल तर काहीच नाही, डोळ्यात काजळ घालायचं आणि मोठं करायचं. सगळ्यांना माहीत होतं कुठे बघायचं, कारण आधी गोटीरामचं रक्त बघितलेलं होतं.

एका सकाळी मीनाबाईंचा फोन आला. सुचिताने ऐकलं आणि फोन स्पीकरवर टाकला. दोन्ही दोर धड होते.

पोरीचं नाव जाई ठेवलं. ती बसायला लागली तसा गोटीरामने माळ्यावरून कंदील काढला.

"बाबा, रिपोर्ट आलाय ना," सुचिता म्हणाली. "आता कशाला दिवा?"

"रिपोर्ट तुमाला आला. खाडीला कोन सांगनार?"

तिन्हीसांजेला सगळे जेट्टीवर गेले. सुचिताने जाईला होडीच्या टोकाला धरलं. कंदील धरायचा मान घरातल्या थोरल्याचा, पण गोटीरामने तो उन्नतीच्या हातात दिला. जाड चष्म्याच्या त्या पोरीने दोन्ही हातांनी कंदील उचलला आणि जीभ दातांत धरून बहिणीच्या डोळ्यांसमोरून सावकाश फिरवला. भरतीचं पाणी होडीला झुलवत होतं. जुन्या सवयीने सगळे गप्प झाले होते.

गोटीराम वाकून बघत होता. डावा डोळा. उजवा डोळा. पुन्हा डावा. आत कुठे काही पेटलं नाही. दोन्ही बाहुल्या काळ्याभोर, तळ न लागणाऱ्या.

"अंदार हाय," तो म्हणाला. मग पलीकडच्या होड्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "अंदार हाय! दोनी डोल्यान अंदार हाय!"

वैजयंतीने नारळ फोडला, सुचिता हसता हसता रडत होती, आणि यातलं काहीच न कळलेली जाई कंदिलाला हात घालायला बघत होती. उन्नतीचे दंड भरून आले.

"आजोबा," तिने विचारलं, "आता दिवा विझवू?"

गोटीरामने पाण्याकडे एकदा बघितलं. "विझव बाय," तो म्हणाला, आणि तिने कळ फिरवली.